नाण्यात चांदी किती? ब्रिटनमधील नाणेशोधाच्या छंदाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 1992 मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा एक निवृत्त मित्र मेटल डिटेक्टर घेऊन आला. यंत्र वाजले तिथे खणल्यावर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. काही वस्तू वर काढल्यावर मित्राने खणणे थांबवून ही गोष्ट कळवली, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी नोंद करीत उचलला. एकूण नाणी सुमारे 15 हजार भरली. त्यांतली बहुतेक ‘सिलिक्वा’ या चांदीच्या रोमन नाण्याची होती. हातोडाही सापडला. या सिलिक्वांपैकी बहुतेकींच्या कडा कातरून चांदी काढून घेतलेली दिसते, पण कातरणाऱ्याने सम्राटाच्या मुखवट्याला मात्र कात्री लागू दिलेली नाही. रोमची सत्ता ब्रिटनमधून उठत होती, नवी नाणी येईनाशी झाली होती, आणि असलेल्या नाण्यांवरच व्यवहार रेटावा लागत होता, त्या काळाची ही खूण आहे.

या ठेव्याबद्दल साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले. तत्कालीन कायद्याने ते फक्त शोधणाऱ्याचे होते, तरी त्याने ते शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. मैत्रीने जे केले ते कायद्यात यायला आणखी काही वर्षे लागली.

जुना कायदा मध्ययुगापासून चालत आलेला होता. सोने किंवा चांदी पुरणाऱ्याचा ती परत काढून नेण्याचा हेतू असेल आणि त्याचा वारस सापडत नसेल, तरच ते गुप्तधन राजाचे ठरे. हे ठरवण्याचे काम कॉरोनर आणि त्याच्या ज्यूरीकडे होते. (मुंबईकरांना कॉरोनर आठवतो तो संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीमुळे, इंग्लंडमध्ये गुप्तधनही त्याच्याच पदरी आहे.) दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होते, हे बारा-पंधरा गावकऱ्यांनी सांगायचे, असा हा प्रकार. 1939 मध्ये सटन हू येथे जहाजासह केलेले दफन उघडले, तेव्हा मृताबरोबर ठेवलेल्या वस्तू कोणी परत नेणार नव्हते, या कारणाने तो ठेवा जमीनमालकिणीचा ठरला. तिने तो ब्रिटिश म्युझियमला दिला, हे देशाचे नशीब.

धातूचा प्रश्नही तितकाच अडचणीचा होता. लिंकनशायरमधील कोल्बी येथे डिटेक्टरने शोधलेल्या 7,811 रोमन नाण्यांचा खटला 1981 मध्ये अपील न्यायालयापुढे आला. तिसऱ्या शतकात रोमन सम्राटांनी नाण्यातली चांदी इतकी उतरवली होती की ती तांब्यावरच्या मुलाम्यापुरतीच उरली. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने निर्णय दिला, की वस्तूत सोन्या-चांदीचे प्रमाण भरीव असले पाहिजे. म्हणून ही नाणी गुप्तधन नव्हेत.

दरम्यान यंत्रे स्वस्त झाली होती. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी विकसित झालेले तंत्र 1970 च्या दशकात छंदाचे साधन बनले, आणि मित्रामित्रांच्या जोड्या रविवारी नांगरलेली शेते पालथी घालू लागल्या. पुरातत्त्वज्ञांनी 1980 मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली. ती मला काहीशी आततायी वाटते, कारण प्रामाणिक छंदिष्टही तिच्यामुळे दुरावले. पण तिच्यामागची भीती खरी होती. सरे परगण्यातील वॉनबरो येथे 1980 च्या दशकाच्या मध्यास एका प्राचीन मंदिरस्थळाचा पत्ता फुटला आणि चोरट्यांनी रात्री खणून हजारो नाणी पळवली. खटले उभे राहिले तेव्हा हेतूचा तोच जुना प्रश्न आडवा आला: देवाला वाहिलेले नाणे परत नेण्यासाठी थोडेच पुरलेले असते? या अनुभवातून सरेच्या पुरातत्त्व संस्थेने कायदा बदलण्याचा पाठपुरावा सुरू केला.

त्याची परिणती 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टमध्ये झाली आणि 1997 पासून तो इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये लागू झाला. नाण्यांच्या बाबतीत हेतूची भानगडच संपली. एकाच ठेव्यातली किमान दोन नाणी, वय 300 वर्षांहून जास्त, सोने-चांदी किमान 10 टक्के, एवढे पुरे. प्रमाण त्याहून कमी असल्यास किमान दहा नाणी लागतात. त्यामुळे सुटे सापडलेले एकच चांदीचे नाणे सहसा या कायद्यात येत नाही, आणि जमीनमालकाशी ठरले असेल तसे ते ठेवता येते.

आपल्याकडे इंग्रजांनीच केलेला 1878 चा निखात निधी कायदा या बाबतीत आधीच सुटसुटीत होता, हे गमतीचे आहे. जमिनीत दडलेली किंमतवान वस्तू मग ती कोणत्याही धातूची असो, दहा रुपयांहून अधिक मोलाची असेल तर कलेक्टरला कळवायची. हेतूचा प्रश्नच नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. ती एकत्र राहिली म्हणूनच नहपानाचा हा पराभव मोजता आला.

इंग्लंडमध्ये आता बक्षीस साधारणपणे शोधणारे आणि जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. 2019 मध्ये सॉमरसेटच्या च्यू व्हॅलीत सात जणांच्या गटाला 2,584 चांदीच्या पेनी सापडल्या. काही नाण्यांच्या एका बाजूला 1066 मध्ये लढाईत पडलेला राजा हॅरल्ड, तर दुसऱ्या बाजूला त्याला हरवणाऱ्या विल्यमचा छाप आहे, कारण टांकसाळवाल्याने नव्या ठशाचे पैसे वाचवण्यासाठी जुनाच ठसा पुन्हा वापरला. 43 लाख पौंड मोजून हा ठेवा तिथल्या वारसा संस्थेने 2024 मध्ये घेतला. त्यातला निम्मा वाटा जमीनमालकाला गेला.