केस न गळणारा कुत्रा पाळला की ॲलर्जी होत नाही?

‘कुत्र्याची ॲलर्जी आहे? मग पूडलसारखा केस न गळणारा कुत्रा आणा, शिंका येणार नाहीत.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाही आहे, कारण सोफ्यावर डोळ्यांना दिसतात ते केसच.

पण ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कोंड्यातल्या आणि मूत्रातल्या प्रथिनांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे आणि कोंड्याचे बारीक कण हवेत तरंगतात, पडद्यांत-गाद्यांत बसतात. केस हे फक्त वाहन. लाळ आणि कोंडा तर प्रत्येक कुत्र्याला असतो. ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरांतली धूळ तपासली, तेव्हा मुख्य प्रथिन इतर घरांपेक्षा कमी आढळलं नाही.

गंमत म्हणजे यातलं एक प्रथिन, ‘कॅन एफ ५’, प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नरात. काहींना तेवढ्याचीच ॲलर्जी असते. त्यांना मादी बहुधा सोसते. तेव्हा जातीपेक्षा ‘नर की मादी’ हा प्रश्न कामाचा.

पडताळायचं कसं? ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची किंवा रक्ताची चाचणी होते. कोणतं प्रथिन नडतं, हे रक्तातून कळू शकतं. मग जो कुत्रा आणायचाय, त्याच्याच सोबत, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी काही तास बसून पाहा. अंगणात पाच मिनिटं खेळून काही कळत नाही. दम्याचा त्रास असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच.

कुत्रा आधीच घरात असेल, तर निदान झोपायची खोली त्याला बंद ठेवा. आंघोळीने फरक पडतो, पण जेमतेम काही दिवस.