देवळीतला आरसा

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात, भिंतीच्या जाडीत ठेवलेल्या कोनाड्यात आरसा मांडायची रीत. कोनाड्याला या भागात ‘देवळी’ किंवा ‘दिवळी’ म्हणतात. दिवा ठेवायची जागा ती दिवळी, असा अर्थ लोक सहज लावतात आणि वापर पाहता तो पटतोही. आरसा, त्याच्यापुढे फणी, कुंकवाचा करंडा, तेलाची बाटली आणि बाजूला दिवा, एवढा संसार हातभर जागेत मावतो. देवघरातली देवळी देवांची, चुलीजवळची काड्याच्या पेटीची व मिठाच्या बरणीची, आणि ओसरीतली किंवा माजघरातली आरशाची, अशी वाटणी बहुतेक घरांत असे.

घर आणि भिंत

देवळी समजायची तर आधी भिंत समजून घ्यावी लागते. बीड, धाराशिव, लातूर या पट्ट्यातले जुने घर दगडमातीचे. भिंतीची जाडी दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जास्त. वर लाकडी तुळया, तुळयांवर पाट्या किंवा फांद्या-पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा या मातीखाली गारवा राहतो. त्यासाठी खिडक्या कमी आणि लहान ठेवत. उजेड यायचा तो दारातून आणि माळवदाला ठेवलेल्या ‘साण्या’तून, म्हणजे उजेडासाठीच्या भोकातून. म्हणजे घर गार, पण अंधारे. आरशाची जागा या अंधाराने ठरवली आहे.

एवढ्या जाड भिंतीत वीतभर खोल पोकळी ठेवणे गवंड्याला अवघड नसे. बांधकाम चालू असतानाच ती जागा मोकळी सोडायची, वर एक लांबट दगड किंवा लाकडी पाटी आडवी टाकायची आणि पुढे रचत जायचे. साध्या घरातली देवळी चौकोनी, दीड-दोन वीत रुंद. वाड्यांतली महिरपी कमानीची, चुन्यात घोटलेली. भिंत पांढऱ्या मातीने सारवली की देवळीच्या कडेने गेरूची तांबडी किनार ओढायची. चुना आला तेव्हा त्यात थोडी नीळ घालून भिंती निळसर केल्या गेल्या. किनार मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

चुलीवर का नाही

युरोपातल्या थंड देशांत दिवाणखान्याच्या भिंतीत फायरप्लेस असते आणि तिच्या वरच्या फळीवर, म्हणजे मँटेलवर, आरसा लावतात. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ही पद्धत रूढ झाली. तिथे १६६५ मध्ये राजाश्रयाने आरशांचा कारखाना उभा राहिला होता. पुढे मोठ्या काचा ओतण्याचे तंत्र साधले आणि शेकोटीच्या डोक्यावर मोठा आरसा बसवणे सरदार-दरकदारांच्या घरी प्रतिष्ठेचे झाले. प्रतिष्ठेइतकीच त्यात सोयही होती. मँटेलवर मेणबत्त्या ठेवत, त्यांचा उजेड आरशातून खोलीत परत येई.

मराठवाड्यात घरातली आग म्हणजे चूल, आणि चूल स्वयंपाकघरात. थंडी इथेही पडते, परभणीची तर प्रसिद्ध आहे. पण शेकोटी अंगणात पेटते, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. चुलीच्या वर जागा असते ती शिंक्याची, शेजारी उतरंडीची. तिथली भिंत धुराने काळी पडलेली. रोज सकाळी चुलीला पोतेरे फिरते, भिंतीच्या काजळीला मात्र कोणी हात लावत नाही. तिथे आरसा टिकला नसता. तो देवळीत दिव्याशेजारी गेला. जागा वेगळी असली तरी कारण फ्रान्समधलेच आहे: ज्योत एक असली तर आरसा तिच्या जवळ हवा.

मांडणी

देवळीतला आरसा बहुधा लहान, वहीच्या पानाएवढा, लाकडी किंवा पत्र्याच्या चौकटीतला. तो भिंतीला ठोकत नाहीत. देवळीच्या पाठीला टेकवून किंचित मागे कलता ठेवतात. उभ्याने पाहायची देवळी छातीच्या उंचीवर असते, बसून वेणीफणी करायची असेल तर गुडघ्याच्या थोडी वर. दारावरच्या पट्टीवर तसबिरींच्या रांगेत टांगलेला आरसा वेगळा. तो दोरीवर पुढे झुकलेला असतो, कारण पाहणारा खाली जमिनीवर बसलेला असतो. ही दोन्ही झुकणी नीट विचार करून ठेवलेली आहेत.

सकाळी सडा-सारवण उरकले की बाई देवळीपुढे उभी राहते. आधी केसांना तेल, मग फणी. फणीतले केस गुंडाळून देवळीच्या कोपऱ्यात खोचून ठेवायचे. ते साठवून बोहारणीला द्यायचे असतात. मग करंड्याशेजारच्या डबीतले मेण बोटाच्या टोकाने घेऊन कपाळावर टेकवायचे, गोल फिरवायचे, आणि त्या मेणावर कुंकू बसवायचे. मेण असल्याने ते दिवसभर शेतात घामातही पसरत नाही. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण खरी आहे, पण काकण डोळ्यांसमोर असते, कपाळ नसते. टिकलीची पाकिटे गावोगाव पोचेपर्यंत देवळीतल्या आरशाचे रोजचे मुख्य काम हेच होते. पुढे त्याच्या चौकटीवर आणि काचेच्या कडेला वापरलेल्या टिकल्या चिकटू लागल्या. आजही जुन्या घरातला आरसा ओळखायची ही एक खूण आहे.

ऐपतदार घरात याच कामासाठी फणेरपेटी असे. झाकणाच्या आत आरसा, खाली कप्पे. तीही रात्री देवळीतच ठेवली जाई.

दिवा आणि काच

वीज येण्याआधी देवळीत तेलाची पणती, नंतर रॉकेलची चिमणी असे. चिमणी आरशाच्या पुढे ठेवली की तिची ज्योत दोन दिसते आणि खोलीत उजेड वाढतो. काचेचा गोळा असलेल्या भिंतीवरच्या दिव्यांना मागे चकचकीत पत्रा असतो, तोही याच तत्त्वाने काम करतो. पण ज्योत आरशापासून चार बोटे तरी दूर हवी, नाहीतर एका जागी तापून काच तडकते. चिमणीची काजळी देवळीच्या माथ्यावर धरते आणि तिथे काळी जीभ उमटते. गेरूची किनार, निळसर भिंत आणि वर ही काळी जीभ, असे देवळीचे रूप ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. काजळ धरायचे कामही इथलेच. ज्योतीवर तांब्याची किंवा पितळेची ताटली उपडी धरायची, साचलेली काजळी तुपात कालवायची आणि समोरच्या आरशात पाहून डोळ्यांत घालायची.

आरशाची जात आणि निगा

हल्लीचा साधा आरसा म्हणजे काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर रंगाचे आवरण. काचेवर चांदी बसवण्याची रासायनिक पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग याने १८३५ मध्ये दाखवून दिली. त्याआधी कथलाचा पत्रा पाऱ्याने काचेला चिकटवत. ती पद्धत केव्हाच गेली, बोलण्यात मात्र ती राहिली: आरशाला काळे डाग पडले की आजही ‘आरशाचा पारा उडाला’ असेच म्हणतात. वाड्यांतल्या जाड, कडा तासलेल्या मोठ्या आरशाला सरसकट ‘बेल्जियमचा आरसा’ म्हणायची चाल आहे, मग तो कुठूनही आलेला असो.

मातीच्या भिंतीत आरशाचा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात माळवद गळते, भिंत पाणी पिते आणि काचेच्या पाठीचा थर कडेपासून सुटू लागतो. म्हणून जाणत्या बाया आरशामागे लाकडाची फळी किंवा घडी केलेला जाड कागद ठेवत आणि पाऊस लागला की तो उचलून फडताळात टाकत. पुसायला चुलीची चाळलेली राख आणि कोरडे फडके. कंदिलाची काचही त्यानेच उजळत. ओले फडके कडेला लागू द्यायचे नाही, हा नियम आजच्या आरशालाही तितकाच लागू आहे.

समजुती

फुटका आरसा घरात ठेवू नये. दिवेलागणीनंतर आरशात पाहू नये. दात न आलेल्या बाळाला आरसा दाखवू नये. वीज कडाडू लागली की आरशावर पदर किंवा टॉवेल टाकतात. आरशाने वीज ओढली जाते याला काहीही आधार नाही. मराठवाड्यात दरवर्षी विजेने शेतात माणसे आणि जनावरे दगावतात, आणि धोका असतो तो उघड्या रानात व एकट्या झाडाखाली. आरसा झाकण्यापेक्षा रानातल्या माणसाला वेळेत घरात आणणे महत्त्वाचे आहे.

सण आणि पूजा

मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि घरातला हा सर्वांत मोठा सण. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर त्यांचे विसर्जन होते. आरास करताना मुखवट्यांमागे आरसे लावायची हौस पुष्कळ घरांत आहे. पुढच्या समया आणि माळांचे दिवे त्यात दिसतात आणि महालक्ष्म्यांची पाठही, म्हणजे वेणी आणि गजरा, दिसतो. सवाष्णींना तो पाहायचाच असतो. पूजेतही आरशाला मान आहे. राजोपचारांत छत्र-चामरांबरोबर दर्पण येतो, आणि भिजवता न येणाऱ्या मूर्तीला आरशातल्या प्रतिबिंबावर पाणी घालून स्नान घडवतात.

आरशापुढच्या शृंगाराचे एक जुने प्रसिद्ध चित्रही याच भूमीत आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात, हातात गोल आरसा धरून नटणारी स्त्री आणि तिच्या शेजारी दासी दिसतात. त्या काळचे आरसे घासून उजळलेल्या धातूचे असत.

मुस्लिम घरांत कोनाड्याला ‘ताक’ म्हणतात. हा उर्दूतला ताक़, पिण्याच्या ताकाशी त्याचा संबंध नाही. त्यात अत्तरदाणी, सुरमेदाणी आणि आरसा असतो. नांदेड-हिंगोलीकडच्या लमाण तांड्यांत आरसा भिंतीपेक्षा अंगावर जास्त. बायकांच्या कांचळी-फेटियावर, म्हणजे चोळी-घागऱ्यावर, बारीक आरशांचे भरतकाम असते. शहरांत हल्ली भिंतीवर मातीच्या नक्षीत आरशाचे तुकडे बसवतात ते लिपणकाम कच्छचे. ते सुंदर आहे, पण त्याला मराठवाड्याची परंपरा म्हणणे चूक आहे.

१९९३ नंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली. ज्या जाड भिंतींनी आणि माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, त्याच अंगावर आल्या. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड आरपार दगडांनी एकमेकांत गुंतवलेले नव्हते, ते सुटले आणि वरची मणांची माती खाली आली. जिथे पोकळी ठेवलेली असते तिथे भिंत आणखी दुबळी होते, हेही खरे. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांच्या भिंती विटांच्या व सिमेंटच्या, पातळ. त्यांत देवळीला जागाच उरली नाही. गावाबाहेरच्या लोकांना ही बारीक गोष्ट वाटेल. घरात राहणाऱ्या बाईला मात्र रोजच्या वस्तूंची ठरलेली जागा गेल्याचे पहिल्या सकाळीच कळले असणार.

मग आरसा लोखंडी कपाटाच्या दारात गेला, मोरीजवळच्या खिळ्यावर गेला, आणि थोड्या ऐपतीच्या घरात दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये. पाठीला आरसा लावलेली, टीव्ही, बाहुल्या आणि बक्षिसांचे कप ठेवलेली शोकेस हीच खरी मराठवाड्यातली मँटेल म्हणावी लागेल. फक्त तिच्या आरशात कोणी तोंड पाहत नाही, कारण पुढे वस्तूंची दाटी असते.

अलीकडे संभाजीनगर-लातूरच्या बंगल्यांत पीओपीची देवळी पुन्हा करून घेतात. हौस चांगली आहे, पण तिच्या माथ्यावर छोटा एलईडी बसवतात आणि आरशात पाहणाऱ्याच्या डोळ्यांखाली सावली पडते. जुन्या देवळीत दिवा बाजूला, तोंडाच्या उंचीवर असे. एलईडी छतातून काढून कडेला घेतला, तर कुंकू आजही तिथे नीट लावता येईल.