मैलात ५,२८० फूटच का?

१२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, इथवर ठीक. पुढे २२ यार्डांची साखळी, १० साखळ्यांचा फर्लांग आणि ८ फर्लांगांचा मैल लागतो, तेव्हा दशमान पद्धतीत वाढलेला माणूस वैतागतो. वरवर विचित्र दिसणाऱ्या या आकड्यांमागे इंग्लंडमधली शेती आहे.

फर्लांग म्हणजे नांगराच्या एका सरीची लांबी, ६६० फूट. एक फर्लांग लांब आणि एक साखळी, म्हणजे ६६ फूट, रुंद असा पट्टा म्हणजे एकर: ४३,५६० चौरस फूट. रोमन मैल ५,००० रोमन फुटांचा होता. पण जमिनीचे सगळे व्यवहार फर्लांगात चालत, म्हणून १५९३ च्या कायद्याने मैलच ८ फर्लांगांचा ठरवला. ५,२८० आला तो असा. शेताचं माप कायम राहिलं, वाकावं लागलं ते रस्त्याच्या मापाला.

एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास या ६६ फुटांच्या साखळीला १०० कड्या पाडल्या. एक कडी ७.९२ इंचांची. आकडा बेढब, पण युक्ती अफलातून. १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, म्हणजेच एक लाख चौरस कड्या. शेत ४५० कड्या लांब आणि ३२० कड्या रुंद असेल, तर गुणाकार १,४४,०००. दशांशचिन्ह पाच घरं डावीकडे सरकवा: १.४४ एकर. मेट्रिक पद्धत जन्मायच्या पावणेदोनशे वर्षं आधी मोजणीदाराच्या हातात दशमान हिशेब होता! आपला गुंठाही याच कुळातला. ३३ फूट, म्हणजे अर्धी साखळी, बाजू असलेला चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे बरोबर एक एकर. (क्रिकेटची खेळपट्टीही एक साखळी लांब, २२ यार्ड.)

साखळीने मोजताना चुका ठरावीक जागी होत. वापराने कड्यांचे सांधे झिजतात आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी अंतर कमी दाखवते. ६६ फुटांत ४ इंच वाढ झाली, तर लांबीत सुमारे अर्ध्या टक्क्याची चूक होते आणि क्षेत्रफळात जवळजवळ एक टक्क्याची. म्हणून ती वेळोवेळी प्रमाण लांबीशी ताडून पाहावी लागे. साखळीला झोळ पडला तर उलट, अंतर जास्त भरतं. उताराचं तसंच: १० अंशांच्या चढावर जमिनीलगत मोजलं, तर आडव्या अंतरापेक्षा दीड टक्का जास्त येतं. त्यावर उपाय म्हणजे साखळी आडवी ताणून, टोकाला ओळंबा सोडून, पायऱ्यापायऱ्यांनी मोजणं.

आज चुका होतात त्या रूपांतरात. १९५९ मध्ये यार्ड नेमका ०.९१४४ मीटर ठरला, पण अमेरिकेतल्या भूमापकांनी जुना फूट, १२०० भागिले ३९३७ मीटर, २०२२ अखेरपर्यंत चालू ठेवला. फरक दहा लाखांत दोन भागांचा. घर बांधताना तो कळणारही नाही. मात्र नकाशावरच्या जागेचा निर्देशांक, म्हणजे ठरलेल्या आरंभबिंदूपासूनचं अंतर, २० लाख फूट असेल तर चार फुटांची तफावत पडते आणि हद्दीचा खुंटा शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

सागरी मैलाचं प्रकरण आणखी वेगळं. त्याचा नांगराशी काही संबंध नाही. अक्षांशाच्या एका मिनिटाला भूपृष्ठावर जेवढं अंतर पडतं तेवढा तो, आणि १९२९ पासून आंतरराष्ट्रीय माप १,८५२ मीटर. जमिनीवरचा मैल १,६०९.३४४ मीटर. विमानं आणि जहाजं सागरी मैलच वापरतात, इंग्रजी बातमीत मात्र पुष्कळदा नुसतं ‘मैल’ छापून येतं. एक हजार सागरी मैलांना सवयीने १.६ ने गुणलं की अंतर अडीचशे किलोमीटरने कमी भरतं. वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, दिला असेल, तर शेजारचा मैल बहुधा सागरीच समजावा.