वायूंचा दाब, आकारमान व तापमान यांचा संबंध

बंदिस्त वायूचे वस्तुमान ठरलेले असेल तर त्याचा दाब, आकारमान आणि तापमान या तीन राशी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यांतल्या दोन ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. दाब फार नसेल आणि वायू द्रवरूप होण्याच्या अवस्थेपासून दूर असेल, तर हा संबंध एका समीकरणात मावतो : दाब × आकारमान = मोलसंख्या × वायुस्थिरांक × केवल तापमान. मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या, आणि केवल तापमान म्हणजे केल्व्हिनमधले, सेल्सिअसच्या आकड्यात सुमारे २७३ मिळवून येणारे. अकरावीचे विद्यार्थी हेच ‘पीव्ही = एनआरटी’ असे पाठ करतात. वायुस्थिरांक ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. ऑक्सिजन असो, हायड्रोजन असो की गोबरगॅसमधला मिथेन, स्थिरांक तोच. समीकरण रेणूंची संख्या विचारते, त्यांची जात विचारत नाही. ०° से. तापमानाला व १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला कोणत्याही वायूचा १ मोल सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो.

समीकरण एका बैठकीत सापडले नाही. रॉबर्ट बॉइल याने इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची काचनळी घेतली. तिच्या बंद टोकात हवा कोंडली आणि उघड्या टोकातून पारा ओतत नेला. दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत बसते, हे त्याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केले. ही कल्पना रिचर्ड टाउनली याची असल्याचे खुद्द बॉइलने नमूद केले होते, पण नाव बॉइलचेच राहिले. त्या मोजमापांत तापमान बदलत नाही हे गृहीत होते. तापमानाची बाजू उलगडायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. झाक शार्ल (आपल्याकडे चार्ल्स) याने १७८७ च्या सुमारास केलेले प्रयोग छापलेच नाहीत. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये स्वतःची मोजमापे छापताना त्याचा उल्लेख केला, म्हणून आज चार्ल्सचा नियम आहे. दाब स्थिर असताना दर अंशाला आकारमान ०° च्या आकारमानाच्या किती भागाने वाढते? गे-ल्युसॅकच्या आकड्यांवरून १/२६७ च्या आसपास उत्तर येत होते, ते पुढे रेन्योच्या काटेकोर मोजमापांनी १/२७३ वर आणले. या अपूर्णांकातच केवल शून्य, म्हणजे हिशेबाने वायूचे आकारमान शून्यावर येईल ते तापमान, दडलेले आहे : –२७३.१५° से. समान दाबाला व तापमानाला समान आकारमानात रेणू सारखेच असतात हे अव्होगाड्रोचे गृहीतक १८११ चे, आणि हे सगळे एका समीकरणात गुंफले ते क्लापेरॉनने, १८३४ मध्ये.

रेणूंच्या पातळीवर कारण सोपे आहे. दाब म्हणजे भिंतीवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा एकत्रित परिणाम. जागा निम्मी केली की तेवढ्याच भिंतीवर दुप्पट धडका बसतात. तापवले की रेणूंचा वेग वाढतो, धडका जोरात आणि वारंवार बसतात. डॅनिएल बर्नुलीने हा विचार १७३८ मध्येच मांडला होता, पण शंभरेक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

गणिते चुकतात ती समीकरणामुळे नव्हे, त्यात कोणता दाब आणि कोणते तापमान घातले यामुळे. साताऱ्यातून थंडीत पहाटे १५° ला गाडी निघाली, टायरमध्ये गेजवर ३२ पौंड हवा आहे. महामार्गावर टायर तापून आतली हवा ५५° ला गेली. सेल्सिअसचे आकडे तसेच वापरले तर दाब जवळजवळ चौपट होईल, आणि पुण्याला पोचेपर्यंत एकही टायर शाबूत राहणार नाही. केल्व्हिनमध्ये ही वाढ २८८ वरून ३२८, म्हणजे चौदाच टक्के. दुसरा सापळा गेजचा. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. साताऱ्याच्या उंचीवर बाहेरचा दाब १३.५ पौंडांच्या आसपास असतो, म्हणून टायरमधला खरा दाब ४५.५ पौंड. त्यावर चौदा टक्के चढवले की सुमारे ५२, आणि बाहेरचा दाब वजा केला की गेजवर ३८. पंक्चरवाले हवा थंड टायरमध्ये तपासायला सांगतात ते याचसाठी. तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडली तर गार झाल्यावर तो कमी भरतो.

टायरमध्ये आकारमान जवळजवळ बांधलेले असते. तरंगत्या टाकीच्या गोबरगॅस संयंत्रात याच्या उलट, दाब बांधलेला असतो, कारण तो लोखंडी टाकीच्या वजनाने ठरतो. त्यामुळे दुपारी गॅस तापला की टाकी वर सरकते. आत २ घनमीटर गॅस असेल आणि तो २२° वरून ४०° ला गेला, तर आकारमान सहा टक्क्यांनी वाढते. त्याशिवाय ओल्या शेणकाल्यावरची वाफही वाढते, म्हणून टाकी आणखी थोडी चढते. एवढ्यावरून ‘आज गॅस जास्त झाला’ असे समजण्यात अर्थ नाही, रेणू जवळपास तेवढेच आहेत.

सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. प्रमाण वातावरणाच्या (उंचीनुसार ठरवलेल्या सरासरी दाब-तापमानाच्या) हिशेबाने हवेचा दाब सांगलीत ९५० आणि महाबळेश्वरला ८६० हेक्टोपास्कलच्या आसपास येतो. सांगलीतून नेलेले वेफर्सचे पाकीट वर फुगते ते या फरकामुळे. पाकीट मोकळेपणी पसरू शकले असते तर आतली हवा दहा टक्के जास्त जागेत गेली असती. वर नऊ अंश गारवा असला तर त्यातले तीन टक्के वजा होतात.

समीकरण थोडे उलटवले की हवेची घनता मिळते : दाब कमी किंवा तापमान जास्त, तर घनता कमी. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या सुमारे १,१५० मीटर उंचीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे २५° तापमानाला एका घनमीटर हवेचे वस्तुमान १.०३ किलोग्रॅम येते, तर समुद्रसपाटीला १५° ला ते १.२२५ असते. वाऱ्याची शक्ती घनतेच्या प्रमाणात असल्याने त्याच वेगाच्या वाऱ्यातून सुमारे सोळा टक्के कमी शक्ती मिळते. तरीही चक्क्या पठारावर उभारतात, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वारा सहा टक्क्यांनी जोरदार असला की ही तूट भरून निघते.

याच डोंगराच्या कडेवर पावसाळ्यात जे घडते ते या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणता येईल, आणि पाठ्यपुस्तकांत ते सहसा भूगोलात ढकललेले असते. कोकणातून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते. पसरताना भोवतालच्या हवेला ढकलण्याचे काम तिला करावे लागते, बाहेरून उष्णता मिळत नाही, म्हणून ते काम तिच्या स्वतःच्या ऊर्जेतून होते आणि ती गार पडते : कोरडी असताना दर किलोमीटरला सुमारे १०°, बाष्प सांद्रू लागल्यावर साधारण निम्म्याने. इथे दाब, आकारमान, तापमान तिन्ही एकाच वेळी बदलतात. त्यामुळे बॉइल लागू नाही, चार्ल्सही नाही. ‘पीव्ही = एनआरटी’ खरेच राहते, पण एकट्याने उत्तर देऊ शकत नाही. उष्णतेची देवघेव झाली नाही ही दुसरी अट जोडावी लागते. सायकलच्या पंपाची नळी हवा भरताना तापते, तेव्हा हीच प्रक्रिया उलट दिशेने चाललेली असते. घाट ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा बरेचसे बाष्प टाकून आलेली असते आणि उतरताना दाबली जाऊन पुन्हा तापते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास, या तफावतीमागे हे एक प्रमुख कारण आहे.

समीकरण कुठे चालत नाही हेही पाहिले पाहिजे. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात. आदर्श वायूच्या कल्पनेत या दोन्ही गोष्टी सोडून दिलेल्या आहेत. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये त्यांसाठी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्याला १९१० चे भौतिकीचे नोबेल मिळाले. रिक्षांच्या सीएनजी टाकीत वायू २०० बारपर्यंत भरतात (१ बार म्हणजे साधारण १ अ‍ॅटमॉस्फिअर). त्या दाबाला मिथेनच्या रेणूंची आपसातली ओढ जाणवते आणि टाकीत आदर्श समीकरणाच्या हिशेबापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त गॅस मावतो.

घरगुती एलपीजी सिलिंडरला मात्र हे समीकरण लावूच नये. १४.२ किलो गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचे सुमारे २७० मोल, आणि सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता सुमारे ३३ लिटर. समीकरणात हे आकडे घातले तर २७° ला दाब २०० बार येतो, प्रत्यक्षात तो दहा बारच्या आत असतो. कारण सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव आहे आणि वरच्या वायूचा दाब त्या द्रवाच्या बाष्पदाबाएवढा राहतो. हा दाब तापमानावर अवलंबून असतो, शिल्लक गॅसवर फारसा नाही. म्हणून शेगडीची ज्योत पाहून सिलिंडर किती उरला हे सांगता येत नाही, त्यासाठी तो वजन करूनच पाहावा लागतो.