व्यायामाचा कागद वाडीभर फिरवू नका

आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कमरेसाठी आलेल्या प्रत्येकाला जाताना एक कागद मिळतो. वहीचं अर्धं पान, त्यावर मी पेनाने काढलेली काडीची माणसं आणि बाजूला किती वेळा ते लिहिलेलं. चित्रकला माझी यथातथाच आहे पण चालतं. तर हा कागद घरी जातो, कुणीतरी त्याचा फोटो काढतं, तो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, खाली "कंबरदुखीवर रामबाण", आणि महिन्याभराने खाडीपलीकडच्या गावातला एक माणूस माझ्यासमोर येऊन बसतो ज्याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या मोबाईलवर अक्षर माझं. "ह्या सगळा करतंय मां मी तीन हप्ते, तरी पाय जास्तच दुखता."

गेल्या आंब्याच्या सीझनला असे चौघे आले. चौघांच्याही पहिल्या दोन सिटिंग नुसतं बिघडलेलं जागेवर आणण्यात गेल्या, त्यांचे पैसे गेले, माझा वेळ गेला आणि बाहेर बाकावर अपॉइंटमेंटवाले ताटकळले ते वेगळंच. म्हणून हे लिहून काढलंय. ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका.

कागद एकाचा, कंबर दुसऱ्याची

लावणीला दिवसभर वाकलेली बाई घ्या, नाहीतर बोटीवर जाळं ओढणारा तिशीतला मुलगा, नाहीतर खाणीवर चिरे भरणारा. ह्यांची कंबर बहुतेक वेळा वाकलं की, बसलं की दुखते, खोकला आला की कळ पायात उतरते, आणि उठून चार पावलं टाकली की जरा मोकळं वाटतं. अशातल्या बऱ्याच जणांना मागे वाकायचा व्यायाम लागू पडतो, म्हणजे पालथं झोपायचं, तळहात खांद्याखाली, हातावर जोर देऊन छाती वर आणि कंबर जमिनीवर ढिली सोडलेली. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरतो तो हाच.

आता त्याच घरातली सत्तरीची आजी घ्या. ती बसली की तिला काही होत नाही. देवळाकडे निघाली की शंभर पावलांवर पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, मग ती गडग्याला टेकून पुढे वाकून उभी राहते, दोन मिनिटांत बरं वाटतं की परत निघते. वयाने मणक्याच्या आतली नसांची नळी अरुंद झालेली असते, पुढे वाकलं की ती जरा उघडते आणि मागे वाकलं की अजून आवळते. तिला सुनेचा कागद दिला की काय होणार ते मी सांगायला नको. अशी एक आजी पंधरा दिवस रोज मनापासून मागे वाकत होती, सुनेला गुण आला म्हणून, आणि शेवटी तिचं अंगणात जाणंही बंद झालं. तिला आम्ही उलटं दिलं, पाठीवर झोपून गुडघे छातीकडे घ्यायचे, आणि चालताना पाय भरायच्या आधीच बसायचं, भरल्यावर नाही. आता जाते देवळात, वाटेत दोनदा टेकते, पण जाते.

दोघींची कंबर दुखत होती, घर एकच, भाषा एकच, "कंबर धरली". व्यायाम मात्र एकमेकींच्या उलट.

हे मागे वाकण्याचं सुरू कसं झालं ती गोष्ट मला फार आवडते. १९५६ साल, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन, रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट. त्यांचा एक पेशंट, मिस्टर स्मिथ म्हणतात त्याला, आत जाऊन टेबलावर पालथा झोपला, आणि त्या टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी वर करून ठेवलेली होती ती खाली करायची राहून गेली होती. म्हणजे माणूस पाच मिनिटं कमरेतून चांगलाच मागे वाकून पडला होता, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अगदी चुकीचं. मॅकेन्झी घाबरतच आले तर हा म्हणतो पायातलं दुखणं गेलं, इतक्या दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यातून ते सगळ्यांना मागे वाकवायला लागले असं लोकांना वाटतं, पण ते शिकले ते वेगळंच, की प्रत्येक पेशंटला निरनिराळ्या दिशेने हलवून बघायचं आणि दुखणं कुठे सरकतं ते त्याच्याकडूनच ऐकायचं. आम्ही पहिल्या दिवशी तेच करतो.

हे सरकणं तुम्हीपण लक्षात ठेवा, उपयोगी आहे. व्यायाम करताना पायातली कळ वर वर येत कमरेत गोळा झाली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, ते चांगलं लक्षण आहे. उलट कंबर बरी वाटतेय पण कळ मांडीतून पोटरीत, पोटरीतून पावलात उतरतेय, तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पहिल्या दिवशी एवढे प्रश्न कशाला

हे पण सगळे विचारतात. पाऊण तास जातो, त्यातला निम्मा बोलण्यात. तुम्ही झोपता कसे, सकाळी उठल्या उठल्या दुखतं की संध्याकाळी, विळीवर बसून नारळ खवता की किचनच्या ओट्यावर, गाडी चालवता का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय करता येत नाहीये जे तुम्हाला करायचंय. कुणाला शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यायची असते, कुणाला नातवाला उचलायचं असतं, एका बागायतदारांना फक्त पेट्या पिकअपमध्ये चढवता यायला हव्या होत्या, बाकी दुखलं तरी चालेल म्हणाले. मग त्यांचा व्यायामही पेटीनेच केला. आधी रिकामी पेटी, मग नारळ टाकून थोडी थोडी जड, पेटी पोटाशी धरून, कमरेतून न पिळता पाय वळवून. त्यांना हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय एकदम उचलायला लावला असता तर घरी एक दिवस केलं नसतं. जो व्यायाम माणूस घरी करणारच नाही तो कितीही चांगला असला तरी काय उपयोग.

म्हणून कागदावर दोन, फार तर तीन व्यायाम असतात. "एवढेच?" म्हणून तोंड वाकडं करू नका. चार-पाच दिवसांनी परत बोलावतो तेव्हा बघून बदलतो, वाढवतो, एखादा काढून टाकतो. ह्या दुसऱ्या खेपेला निम्मे लोक येत नाहीत, बरं वाटलं की कित्याक जावचा. पण पहिला कागद हा दुखणं उतरवायचा असतो, ताकद भरायचा दुसरा आणि तिसरा. पहिल्यावरच थांबलात तर गणपतीत मखर उचलताना परत उसण भरते आणि मग "तुमच्या व्यायामाने तात्पुरतं बरं वाटलं होतं" असं मलाच ऐकावं लागतं.

करंट, वजन, पट्टा

"म्याडम, आज करंट लावचो नाय?" कमरेला चकत्या लावून हलका विजेचा करंट देणारं मशीन आहे आमच्याकडे, कपाटात झाकून ठेवलंय, विकलेलं नाही. पण २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं त्यात करंट, अल्ट्रासाऊंडची मशीन, वजन लावून ओढणं आणि कमरेचा पट्टा हे चारही नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं सांगितलंय, आणि व्यायाम, नीट समजावून सांगणं, मसाज ह्या गोष्टींना हो म्हटलंय. मशीन लावून वीस मिनिटं पेशंटला झोपवणं मला जास्त सोपं आहे, खरं सांगायचं तर धंद्यालाही बरं, एका वेळी तीन पेशंट होतात. तरी नाही करत. शेक घ्या घरी, गरम पाण्याची पिशवी, बरं वाटतं, त्यासाठी माझ्याकडे यायला नको. पट्टा आंबा काढणीला दोन तास घातलात तर मी भांडणार नाही, पण दिवसभर बांधून फिरू नका.

लाईट गेली म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल करायला फोन करतात काही जण पावसात. येत जा, आपल्या कामाला लाईट लागत नाही.

"मणक्यात गॅप आलाय"

एमआरआयचं पाकीट घेऊन लोक येतात ते चेहरा पडूनच. गादी सरकली, गॅप आला, नस दबली, आता काही खरं नाही. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३११० लोकांच्या स्कॅनचा. पन्नाशीच्या लोकांत शंभरातल्या ८० जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० जणांच्या फुगून बाहेर आलेल्या, आणि ह्यांना काहीही दुखत नव्हतं. वीस वर्षांच्या पोरांमध्येसुद्धा शंभरात ३७ जणांना झीज. केस पांढरे होतात तसंच हे. रिपोर्ट खोटा नसतो पण तुमचं दुखणं त्यातूनच येतंय हे नुसता रिपोर्ट बघून कुणी सांगू नये. काढलेला असेल तर आणा, बघू. काढलेला नसेल तर आमच्याकडे येण्यासाठी म्हणून मुद्दाम काढू नका.

पण हे असेल तर व्यायाम नाही, आमची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलात: लघवी अडकली किंवा नकळत होते, संडासवर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चाललीय. ह्यात रात्र काढायची नाही, सकाळी बघू असं म्हणायचं नाही. झाडावरून पडून कंबर दुखत असेल, ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोपल्यावर जास्त दुखतं, आधी कॅन्सर झालेला आहे, बरेच महिने स्टिरॉईड चालू आहेत, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग आमच्याकडे.

मग शेजारणीला काही द्यायचंच नाही का

द्या की. एक गोष्ट बहुतेक सगळ्यांना चालते, ती म्हणजे चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांचा. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं त्यांचं दुखणं परत यायला मधोमध आकडा धरला तर २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांत आलं. तिथेही नुसतं चाला म्हणून सोडलं नव्हतं, फिजिओ बरोबर होता, ज्याला जेवढं झेपेल तेवढं ठरवून दिलं होतं. आपल्याकडे घाटीच्या पायऱ्या आणि चढ आहेत, म्हणून सुरुवातीला सपाट रस्ता बघा, नाहीतर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवरून. भुसभुशीत वाळूत नको.

दुसरं म्हणजे एकाच स्थितीत फार वेळ राहायचं नाही. लावणीत, काजू वेचताना, पंधरा-वीस मिनिटांनी एकदा सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून दोन श्वास घ्या, मुकादम ओरडला तरी. मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्यांनी दर दीड-दोन तासांनी उतरायचंच, चहा प्या हवं तर, पण उभ्याने. आणि उसण भरली म्हणून आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. एखादा दिवस ठीक, मग घरातल्या घरात तरी हिंडा.

आणि शेजारणीची कंबर खरंच जास्त असेल तर तिलाच बरोबर घेऊन या. जोडीने आलात तर दोघींना लागोपाठची वेळ देतो आणि दुसऱ्या तपासणीची फी निम्मी घेतो. ज्यांना खाडीपलीकडून यायचंय त्यांना पहिल्या दोन खेपांनंतर व्हिडिओ कॉलवर बघतो. व्यायामाचा व्हिडिओ तुमच्याच फोनवर तुमचाच काढून देतो, म्हणजे माझ्या काडीच्या माणसांवरून अंदाज लावायला नको. कागदावर वर तुमचं नाव आणि तारीख असते, महिन्यापेक्षा जुनी तारीख असेल तर तुमचा स्वतःचा असला तरी आधी एक फोन करा.

येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणा. साडी नेसून येणाऱ्यांनी पिशवीत एक सलवार किंवा गाऊन टाका, झोपवून, वाकवून बघावं लागतं. आणि पोटभर जेवून लगेच येऊ नका.