रामगुलाम, सर शिवसागर

(१८ सप्टेंबर १९०० – १५ डिसेंबर १९८५). हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटराष्ट्राचे पहिले पंतप्रधान. मॉरिशसमध्ये त्यांना राष्ट्रपिता म्हणतात. जुनी माणसे नुसते ‘चाचा’ म्हणतात. क्षेत्रफळाने हा देश आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम पावपट. पण हिंदू, मुसलमान, क्रिओल (आफ्रिकी गुलामांचे मिश्रवंशी वंशज), चिनी आणि मूठभर गोरे मळेवाले अशी तिथली वस्ती, आणि तेव्हा बेटभर उसाशिवाय दुसरे मोठे पीक नव्हते. अशा ठिकाणी चाळीस-पंचेचाळीस वर्षे राजकारण करायचे तर भांडण्यापेक्षा जुळवून घेणे अंगी असावे लागते. ते रामगुलामांच्या अंगी पुरेपूर होते. त्यांचे मोठेपण त्यातलेच, आणि त्यांच्यावरचे सगळे मोठे आक्षेपही त्यातूनच आले.

त्यांचे वडील मोहित बिहारमधील भोजपूर भागातल्या हरिगावचे. १८९६ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, ते गिरमिटावर मॉरिशसला आले. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांवर माणसे कमी पडू लागली, म्हणून १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. मोहित हे ‘क्वीन व्हिक्टोरिया’ नावाच्या ऊसमळ्यावर आधी मजूर आणि मग सरदार, म्हणजे आपल्याकडचे मुकादम, झाले. शिवसागर यांचा जन्म फ्लाक जिल्ह्यातील बेल रिव्ह येथे झाला. घरात त्यांना केवल म्हणत. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. बाराव्या वर्षी गोठ्यात झालेल्या अपघातात डावा डोळा गेला.

त्यांचे पहिले शिक्षण बैठकेत झाले. मॉरिशसच्या गावात बैठका म्हणजे गवताने किंवा पत्र्याने शाकारलेली एक खोली. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत, रामायण वाचत, आणि तिथेच पोरांना अक्षरओळख होई. मळेवाल्यांची भाषा फ्रेंच, सरकारची इंग्रजी, रस्त्यावरची क्रिओल आणि घरातली भोजपुरी. त्यात नागरी लिपी टिकली ती या बैठकांमुळे. पुढे क्युरपीपला मामांकडे राहून त्यांनी तिथल्या रॉयल कॉलेजात शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडन गाठले. खर्चाचा भार थोरले बंधू रामलाल यांनी उचलला.

लंडनचा मुक्काम चौदा वर्षे लांबला. वैद्यकाच्या अभ्यासक्रमाला एवढा वेळ लागत नाही, हे उघड आहे. बाकीचा वेळ हिंदी विद्यार्थ्यांच्या चळवळीत, काँग्रेसच्या लंडनमधल्या कामात आणि फेबियन समाजवाद्यांच्या सभांत गेला. क्रांतीने नव्हे तर कायदा आणि समित्यांच्या वाटेने, सावकाश, सत्ता घ्यायची हा धडा त्यांनी तिथे घेतला आणि जन्मभर सोडला नाही. १९३५ मध्ये परतून त्यांनी पोर्ट लुईत दवाखाना थाटला. १९३९ मध्ये सुशील रामजुरावन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ते परतले तेव्हा बेट धुमसत होते. १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला होता. १९३७ मध्ये मळ्यांवर संप आणि गोळीबार झाले. रामगुलाम मात्र यात उशिरा उतरले. १९४० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅडव्हान्स’ हे दैनिक सुरू केले, आणि त्याच वर्षी गव्हर्नरने त्यांना विधिमंडळावर नेमले. मजुरांमध्ये जाऊन स्वयंसेवक उभे करण्याचे, त्यांना सही करायला शिकवण्याचे काम पंडित वासुदेव विष्णुदयाल आणि त्यांचे बंधू सुखदेव यांनी केले. या कामाला १९४८ च्या राज्यघटनेमुळे एकदम मोल आले. तोवर मिळकतीच्या अटीमुळे मतदार बारा हजारांच्या आसपास होते. आता बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळाले आणि संख्या ७२ हजारांवर गेली. बैठकेत पाटीवर गिरवलेली अक्षरे अशी थेट मतपेटीपर्यंत पोचली. निवडून आलेल्यांत रामगुलाम होते. विष्णुदयाल बंधूंनी नांगरलेल्या शेतात पीक मात्र डॉक्टरांनी काढले, ही तक्रार त्या गोटात पुढे कायम राहिली, आणि ती अगदीच खोटी नाही.

१९५६ मध्ये मजूर पक्षाचे नेते गी रोझमॉ वारले आणि पक्षाची धुरा रामगुलामांकडे आली. १९५९ मध्ये पहिली सार्वत्रिक मतदानाची निवडणूक झाली, १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री, १९६४ मध्ये प्रीमियर आणि १९६५ मध्ये ‘सर’ झाले. हिवताप हटल्यामुळे याच काळात लोकसंख्या भराभर वाढत होती आणि निर्यात जवळजवळ सगळी साखरेची होती. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने (ज्यांना पुढे नोबेल मिळाले) १९६१ मध्ये या बेटाच्या भवितव्याविषयी निराशेचाच सूर काढला होता.

स्वातंत्र्य हवे, यावरही बेटाचे एकमत नव्हते. हिंदूंचे राज्य येईल या भीतीने क्रिओल आणि गोरे समाज गाएतां द्युव्हाल यांच्या पक्षामागे गेले आणि ब्रिटनशी जोडून राहण्याची मागणी करू लागले. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला घटना परिषद भरली. तेव्हा अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळासाठी जागा हवी होती, आणि ती मॉरिशसच्या अखत्यारीतील चागोस द्वीपसमूहात, दिएगो गार्सिया बेटावर होती. २३ सप्टेंबरला सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलामांना डाउनिंग स्ट्रीटवर बोलावून घेतले. भेटीपूर्वी विल्सन यांच्या हाती दिलेले सरकारी टिपण पुढे उघड झाले. या गृहस्थांना आशा दाखवून घाबरवायचे, स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि चागोस न सोडल्यास ते हुकेल ही धास्ती, असा त्याचा मथितार्थ. विल्सननी तेच केले. स्वातंत्र्य घेऊन परत जाता येईल, न घेताही जाता येईल, असे त्यांनी सांगितले. दुपारच्या बैठकीत सौदा झाला, दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याची वाट मोकळी झाल्याचे जाहीर झाले. चागोसच्या बदल्यात मॉरिशसला तीस लाख पौंड मिळाले. ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनने चागोसची वेगळी वसाहत केली, आणि १९७३ पर्यंत तिथले दीड हजारांच्या घरात असलेले रहिवासी उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर आणून सोडले.

गळ्यात फास होता, नाही म्हटले असते तर तो आवळला गेला असता, अशा अर्थाचे रामगुलाम नंतर बोलले. ते खरे मानले तरी एक गोष्ट उरते. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड देऊ केले. ते पैसे त्या लोकांच्या हाती पडायला पाचएक वर्षे लागली आणि तोवर महागाईने त्यांची किंमत खाल्ली होती. तेव्हा सरकार लंडनचे नव्हते, रामगुलामांचे होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ च्या सल्लागार मतात चागोस तोडणे बेकायदा ठरवले. मे २०२५ मध्ये चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनच्या पंतप्रधानांबरोबर मॉरिशसतर्फे सही झाली ती नवीनचंद्र रामगुलामांची, म्हणजे शिवसागरांच्या मुलाची.

७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक हाच स्वातंत्र्याचा कौल होता. मजूर पक्ष, सुखदेव विष्णुदयाल यांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष यांच्या आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, द्युव्हाल यांना २३. पण मतांपैकी चव्वेचाळीस टक्के विरोधात गेली. स्वातंत्र्यदिनासाठी १२ मार्च हा दिवस निवडला तो दांडीयात्रा त्या दिवशी निघाली म्हणून. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांच्या टोळ्यांत दंगल पेटली, घरे सोडून लोक मोहल्ले बदलू लागले आणि सिंगापूरहून ब्रिटिश फौज आणावी लागली. समारंभाला यायची ब्रिटिश राजकन्या आलीच नाही. १२ मार्चला दुपारी शां द मार्सच्या घोडदौडीच्या मैदानावर युनियन जॅक उतरवला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढवला. बेटातले बरेच लोक त्या दिवशी घरी दारे लावून बसले होते.

यानंतर रामगुलामांनी जे केले ते त्यांच्या पद्धतीला धरूनच होते. स्वातंत्र्याला कडाडून विरोध करणाऱ्या द्युव्हालनाच त्यांनी १९६९ मध्ये सरकारात घेतले. दंगलीच्या जखमा भरायला आणि फ्रेंच भांडवल टिकवायला याचा उपयोग झाला, यात शंका नाही. १९७० मध्ये निर्यातप्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. ऊस सोडून कापडाच्या कारखान्यांकडे देश वळला तो तिथून. पण या सोयरिकीची किंमत म्हणून १९७२ ची निवडणूक चार वर्षे पुढे ढकलली. सुखदेव विष्णुदयाल सरकारातून बाहेर पडले. रामगुलामांच्याच पॅम्पलमूस-त्रियोले मतदारसंघातली पोटनिवडणूक १९७० मध्ये पॉल बेरांजे यांच्या नव्या डाव्या पक्षाने, एमएमएमने, जिंकली. गोदी आणि वाहतूक कामगारांचे संप झाले, तेव्हा १९७१ च्या अखेरीस आणीबाणी लादली गेली; नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधने. गंमत अशी की याच आणीबाणीत, १९७३ मध्ये, त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला.

म्हणून कोणी त्यांना हुकूमशहा म्हणेल तर तेही बसत नाही. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तर मतदानाचे वय १८ वर आणले गेले. डिसेंबर १९७६ ला निवडणूक झाली, एमएमएमने ३४ जागा घेतल्या, रामगुलामांच्या आघाडीला २८ आणि द्युव्हालना ८. पुन्हा जुनी जुळवाजुळव: २८ आणि ८ मिळून ३६, म्हणजे सत्तरांच्या सभागृहात काठावर बहुमत. जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. ते निवडणुकीच्या तोंडावर दिलेले आश्वासन होते, पण पाळले गेले. सर्वांना वृद्धत्ववेतन १९५८ पासून होतेच, दवाखाने मोफत होते. ऊसतोड करणाऱ्याची मुलगी एका पिढीत शिक्षिका झाली ती या शाळांमुळे.

महाराष्ट्राशी त्यांचा एक धागा आहे. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्याचे प्रमुख पाहुणे रामगुलाम होते. दुसरे १९७६ मध्ये त्यांच्याच देशात झाले. गिरमिटियांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज आज तिथे दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. घटनेत मात्र मराठी माणसाची गणना ‘हिंदू’ या गटातच होते. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर साखरेचा भाव चढला होता तेव्हा सरकारने सढळ हाताने खर्च केला. भाव पडल्यावर १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन करावे लागले. बेकारी आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांनी पक्ष पोखरला होता, आणि ऐंशी ओलांडलेल्या नेत्याने खुर्ची सोडली नाही. जून १९८२ मध्ये एमएमएम आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. त्यात पॅम्पलमूस-त्रियोलेत रामगुलाम स्वतःही पडले.

वर्षभरात विजेत्यांत फूट पडली. अनिरुद्ध जगन्नाथ यांनी वेगळा पक्ष काढून मजूर पक्षाशीच समझोता केला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये रामगुलाम गव्हर्नर जनरल झाले. प्रजासत्ताक करून त्यांना राष्ट्राध्यक्ष करायचे असे ठरले होते, पण घटनादुरुस्तीला पुरेशी मते मिळाली नाहीत; प्रजासत्ताक व्हायला १९९२ उजाडले. गव्हर्नर जनरलच्या रेद्वी येथील निवासस्थानीच १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. पॅम्पलमूसच्या वनस्पती उद्यानात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ते उद्यान आणि प्लेझांसचा विमानतळ आता त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९८७ पासून देशाच्या नाण्यांवर त्यांचाच चेहरा आहे. पोर्ट लुईतले त्यांचे राहते घर ८७, देफोर्ज स्ट्रीट येथे होते. त्या रस्त्यालाही आता त्यांचेच नाव आहे.