निम्म्या हंगामाची क्रमवारी: बेसबॉलमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

४ जुलै १९१४ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, बोस्टन ब्रेव्ह्ज हा संघ नॅशनल लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दोन प्रमुख बेसबॉल लीगपैकी एकीच्या, तक्त्यात आठ संघांमध्ये आठवा होता. सुट्टीच्या दिवशी एकापाठोपाठ एक दोन सामने खेळवण्याची तेव्हा पद्धत होती, आणि ब्रुकलिनविरुद्धचे ते दोन्ही सामने बोस्टनने गमावले. संघाच्या नावावर २६ विजय आणि ४० पराभव जमा झाले आणि अग्रस्थानी असलेला न्यूयॉर्क जायंट्स हा संघ तब्बल १५ सामन्यांनी पुढे राहिला. त्यानंतर उरलेल्या ८७ निकाली सामन्यांपैकी ६८ जिंकून याच बोस्टनने साडेदहा सामन्यांच्या फरकाने लीग जिंकली, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सला सलग चार सामन्यांत हरवले. चार जुलैला जो पहिला तोच शेवटी पहिला, असा समज बेसबॉलच्या वर्तुळात तेव्हाही होता आणि पुढेही अनेक दशके टिकला. पण त्या समजाची चर्चा निघाली की १९१४ सालच्या बोस्टनचा दाखला हमखास दिला जातो.

निम्म्या हंगामात संघांची क्रमवारी लावण्याचा हा जो वार्षिक उद्योग आहे, त्याचा इतिहास केवळ भाकितांचा इतिहास नाही. संघांना कोणत्या मापाने मोजायचे, या प्रश्नावरून गेली दीडशे वर्षे जी भांडणे झाली, त्यांतूनच ही क्रमवारी घडली आहे. आणि ज्या ज्या वेळी तिला नुसते मत न ठेवता नियमाचे बळ देण्यात आले, त्या त्या वेळी काही ना काही विपरीत घडले आहे.

आयपीएलची गुणतालिका पाहणाऱ्या मराठी वाचकाला बेसबॉलचा तक्ता प्रथम चमत्कारिक वाटतो, कारण त्यात गुण नसतात. असतात ते विजय, पराभव, त्यांवरून काढलेली विजयाची सरासरी आणि अग्रस्थानापासूनची पिछाडी. सरासरी दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत मांडतात. १९१४ सालच्या त्या दिवशी बोस्टनची सरासरी .३९४ होती. ही पद्धत सोपी दिसत असली तरी सहजासहजी आलेली नाही. १८७१ साली पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली तेव्हा प्रत्येक संघाने किती सामने खेळायचे हेच पक्के नव्हते, आणि अजिंक्यपद सर्वाधिक विजयांवर ठरवायचे, जिंकलेल्या मालिकांवर ठरवायचे की कमीत कमी पराभवांवर, यावर शेवटपर्यंत खल चालला होता. त्यातच ऑक्टोबरमध्ये शिकागोला लागलेल्या भीषण आगीत तिथल्या संघाचे मैदान आणि सामानसुमान जळून खाक झाले. त्या संघाने हंगामाचा अखेरचा सामना ब्रुकलिनमध्ये, मागून आणलेले गणवेश घालून खेळला आणि तो फिलाडेल्फियाकडून हरला.

१८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली. पहिल्याच वर्षी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन संघांनी, आपली संधी गेली आहे हे पाहून, पश्चिमेकडचा अखेरचा दौरा करायचेच नाकारले. लीगचे एक संस्थापक विल्यम हल्बर्ट यांच्या आग्रहावरून या दोन्ही मोठ्या शहरांच्या संघांना हाकलून देण्यात आले. सगळे संघ सारखे सामने खेळणार नसतील तर नुसते विजय मोजणे अन्यायाचे होते. सरासरीचा आधार घ्यावा लागला तो म्हणूनच.

पण सरासरीतही फट होतीच. १९०८ साली अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रमुख लीगमध्ये, डेट्रॉइटचे ९० विजय आणि ६३ पराभव झाले, तर क्लीव्हलंडचे ९० विजय आणि ६४ पराभव. डेट्रॉइटचा पावसाने वाहून गेलेला एक सामना पुन्हा खेळवलाच गेला नाही, आणि अर्ध्या सामन्याच्या फरकाने डेट्रॉइट अजिंक्य ठरले. निकालावर परिणाम करू शकणारे सामने पुन्हा खेळवलेच पाहिजेत, हा नियम या प्रकरणानंतर आला.

हा ‘अर्धा सामना’ म्हणजे काय, हे इथे पाहून घेणे बरे. समजा, पहिल्या संघाचे ५० विजय व ३१ पराभव आहेत आणि दुसऱ्याचे ४६ विजय व ३५ पराभव. विजयांतला फरक ४, पराभवांतला फरक ४, दोन्हींची बेरीज ८ आणि तिचे निम्मे ४, म्हणून दुसरा संघ चार सामन्यांनी मागे. पहिल्या संघाचा एक सामना व्हायचा राहिला असेल आणि त्याचे आकडे ४९ व ३१ असतील, तर बेरीज ७ होते आणि पिछाडी साडेतीन सामन्यांची. आपल्याकडे नेट रनरेटवरून डोके धरून बसणाऱ्याला हा हिशेब फारच सुबक वाटेल. त्याचा मोठा गुण असा की चाहत्याला तो तोंडी करता येतो.

तक्त्यांची आणि आकड्यांची ही आवड बेसबॉलमध्ये रुजवण्यात हेन्री चॅडविक यांचा वाटा मोठा. ते जन्माने इंग्लिश होते, लहानपणी अमेरिकेत आले आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावफलकाचा नमुना समोर ठेवून त्यांनी बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात रूढ केला. आज क्रिकेटमधली आकडेमोड बेसबॉलकडून उसनी घेतल्याचे बोलले जाते, पण मूळची उधारी उलट दिशेने झाली होती.

आता निम्म्या हंगामाकडे वळायचे. १९०४ पासून बहुतेक वर्षे प्रत्येक संघ १५४ सामने खेळत असे, आणि हंगाम एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने जुलैचा पहिला आठवडा साधारण मध्यावर येई. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी दोन्ही लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना घडवून आणला. ६ जुलैला झालेला हा ऑल-स्टार सामना पुढे वार्षिक प्रथा झाला, त्यासाठी सगळे संघ काही दिवस थांबू लागले, आणि त्या विश्रांतीत लेखकांना क्रमवारी लावण्याची आयती संधी मिळाली. १९६१ साली अमेरिकन लीगने आणि १९६२ साली नॅशनल लीगने १६२ सामन्यांचा हंगाम स्वीकारला. तेव्हापासून खरा मध्य ८१ सामन्यांवर असतो आणि ऑल-स्टारच्या वेळी नव्वदच्या आसपास सामने झालेले असतात. तरीही सगळे त्यालाच मध्य म्हणतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

या मध्याला एकदा अधिकृत दर्जा मिळाला तो १८९२ साली. प्रतिस्पर्धी लीग बंद पडल्याने नॅशनल लीगमध्ये बारा संघ झाले होते आणि एवढ्या लांबलचक तक्त्यात तळाच्या संघांचे सामने पाहायला कोण येणार, ही मालकांना चिंता होती. म्हणून हंगामाचे दोन भाग करून दोन्हींच्या विजेत्यांत अंतिम मालिका ठेवण्यात आली. पहिला भाग बोस्टनने जिंकला, दुसरा क्लीव्हलंडने. उत्तरार्धात बोस्टन मुद्दाम ढिले पडले, असा संशय तेव्हाच घेतला गेला. मालिकेत मात्र एक सामना बरोबरीत सुटल्यावर बोस्टनने पुढचे पाचही जिंकले. पुढच्याच वर्षी ही पद्धत गुंडाळण्यात आली. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो नॅशनल लीगने १९२५ साली हीच विभागणी स्वीकारली, आणि त्या वर्षी कॅन्सस सिटी मोनार्क्स व सेंट लुई स्टार्स असे दोन अर्धविजेते एकमेकांसमोर आले. तिथे संघांच्या सामन्यांची संख्या फार असमान असे, त्यामुळे या पद्धतीला तिथे निदान काही अर्थ होता.

मुख्य लीगमध्ये ती पुन्हा आली ती नाइलाजाने. १२ जून १९८१ रोजी खेळाडूंनी संप पुकारला आणि तो ३१ जुलैपर्यंत चालला. परतल्यावर मालकांनी ठरवले की संपापूर्वी जे संघ आपापल्या विभागात (तेव्हा प्रत्येक लीगचे दोन विभाग असत) पहिले होते, ते पूर्वार्धाचे विजेते मानायचे. न्यूयॉर्क यांकीज, ओकलंड, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या चौघांना, ११ जूनच्या रात्री आपण हंगामाचा अर्धा भाग जिंकला आहे याची कल्पनाही नसताना, अंतिम फेऱ्यांचे तिकीट मिळाले. उत्तरार्धात चौघांपैकी एकालाही पुन्हा पहिले येता आले नाही. यांकीजनी २५ सामने जिंकले आणि २६ हरले. मूळ नियमात एक पळवाटही राहून गेली होती. तिच्यामुळे काही संघांना ठरावीक प्रतिस्पर्ध्याकडून हरणेच फायद्याचे ठरले असते, म्हणून हंगाम चालू असतानाच नियम बदलावा लागला.

सर्वांत मोठा अन्याय सिनसिनाटी रेड्सवर झाला. पूर्वार्धात ते डॉजर्सपेक्षा अर्ध्या सामन्याने मागे होते, उत्तरार्धात ह्यूस्टनपेक्षा दीड सामन्याने. दोन्ही भाग मिळून त्यांचे ६६ विजय आणि ४२ पराभव झाले, म्हणजे दोन्ही लीग मिळून सर्वांत चांगली कामगिरी, आणि तरीही त्यांना घरी बसावे लागले. उलट ५० विजय आणि ५३ पराभव अशी कामगिरी असलेला कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ अंतिम फेऱ्यांत पोहोचला. रेड्सनी आपल्या मैदानावर ‘बेसबॉलमधली सर्वोत्तम कामगिरी’ असा फलक लावून समाधान मानले. वर्ल्ड सिरीज डॉजर्स आणि यांकीज यांच्यात झाली. दोघेही पूर्वार्धाचेच विजेते होते, आणि त्यांत डॉजर्सनी बाजी मारली.

जपानमध्ये याच प्रयोगाचे टोकाचे रूप दिसले. सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने प्रतिष्ठा गेलेल्या आणि प्रेक्षक घटलेल्या पॅसिफिक लीगने १९७३ साली हंगामाचे दोन भाग केले. पूर्वार्ध नानकाई हॉक्सनी जिंकला. उत्तरार्ध हानक्यू ब्रेव्हजनी. या उत्तरार्धात नानकाईला हानक्यूविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही: बारा पराभव आणि एक बरोबरी. मग दोघांत पाच सामन्यांची निर्णायक मालिका झाली आणि ती नानकाईने ३–२ अशी जिंकली. संघाचे खेळाडू-व्यवस्थापक कात्सुया नोमुरा यांनी मेल्याचे सोंग घेऊन प्रतिस्पर्ध्याला गाफील ठेवले, असे जपानी चाहते आजही म्हणतात. लीगने ही पद्धत १९८२ पर्यंत चालवली आणि सोडून दिली.

तक्ता नियमाने बांधून भागत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग उरला तो तक्त्याच्या आत डोकावण्याचा. तो प्रशस्त केला बिल जेम्स यांनी. कॅन्ससमधल्या एका डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात ते रखवालदार होते, आणि १९७७ पासून आकडेवारीची वार्षिक पुस्तिका स्वखर्चाने छापत असत. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, एवढ्या सूत्रावरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज येतो, असे त्यांनी दाखवले. दिसायला भूमितीतल्या प्रमेयासारखे असल्याने त्याला पायथागोरसचे नाव चिकटले. ८१ सामन्यांत ४०० धावा करून ३५० देणाऱ्या संघाची अपेक्षित सरासरी .५६६ येते, म्हणजे सुमारे ४६ विजय. त्याने प्रत्यक्षात ४१ च जिंकले असतील तर एका-एका धावेने हरलेल्या सामन्यांत नशीब आडवे आले असे मानायला जागा असते, आणि क्रमवारी लावणारा त्याला तक्त्यातल्या जागेपेक्षा वर नेऊन बसवतो. सूत्र चुकतेही. २०२१ साली सिअ‍ॅटल मरिनर्सनी केल्या त्यापेक्षा ५१ धावा जास्त दिल्या आणि तरी १६२ पैकी ९० सामने जिंकले.

यानंतर बुद्धिबळातले एलो गुणांकन आले, जे विश्वनाथन आनंदमुळे आपल्याला परके नाही. उरलेला हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवून प्रत्येक संघाच्या संधीची टक्केवारी सांगणारी गणिते आली, आणि त्यांच्या शेजारी पत्रकारांच्या मतांवर बेतलेल्या साप्ताहिक क्रमवाऱ्याही नांदू लागल्या. प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे या सगळ्यांना ताडून पाहावेच लागते, कारण वेळापत्रक समान नसते. २०२३ पासून प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी निदान एक मालिका खेळतो आणि विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १३ सामने. त्याआधी हाच आकडा १९ पर्यंत जाई आणि दुबळ्या विभागातला संघ फुगलेला दिसे.

एवढे करूनही हे आकडे केवळ गप्पांपुरते राहिले असते, पण एका मुदतीने त्यांना व्यवहाराची धार आणली. २३ जुलै १९२२ रोजी यांकीजनी बोस्टन रेड सॉक्सकडून जो ड्यूगन हा खेळाडू मिळवला आणि सेंट लुई ब्राउन्सना अवघ्या एका सामन्याने मागे टाकून लीग जिंकली. सेंट लुईत संताप उसळला, आणि १९२३ पासून खेळाडूंच्या देवाणघेवाणीसाठी १५ जूनची मुदत घालण्यात आली. १९८६ साली ती ३१ जुलैवर गेली. म्हणजे ऑल-स्टारच्या विश्रांतीनंतर दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक व्यवस्थापनाला ठरवावे लागते: खेळाडू विकत घ्यायचे, की आहेत ते विकून पुढच्या वर्षांची तजवीज करायची? जुलैमधली क्रमवारी बारकाईने वाचली जाते ती या निर्णयासाठी.

२०२१ साली ऑल-स्टारच्या विश्रांतीला अटलांटा ब्रेव्ह्ज, म्हणजे १९१४ सालच्या बोस्टनचाच वंशज संघ, ४४ विजय आणि ४५ पराभवांवर होता. त्यांचा हुकमी खेळाडू रोनाल्ड अकुन्या १० जुलैला गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला होता. तक्ता पाहता विकायला काढावे अशीच स्थिती होती. पण विभागातला अव्वल संघ न्यूयॉर्क मेट्स फक्त चार सामने पुढे होता. व्यवस्थापनाने मुदतीपूर्वी जॉक पेडरसन, अ‍ॅडम ड्यूव्हॉल, एडी रोझारियो आणि होर्हे सोलर असे चार बाह्यक्षेत्ररक्षक आणले. ६ ऑगस्टपर्यंत संघाच्या विजयांची संख्या पराभवांच्या वर एकदाही गेली नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सोलर, जो जुलैमध्ये क्रमवाऱ्या लागल्या तेव्हा कॅन्सस सिटीकडून खेळत होता.